साहेब उभे आहेत

आमच्या साहेबांचं वय साडेबारा महिने. दात सहा, केस बोटांवर मोजावेत इतके आणि हट्ट असा की साठीतल्या माणसानं येऊन शिकवणी लावावी. साहेब ही मुलगी आहे. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला साहेब म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. सासरे कोर्टात शिपाई होते. चाळीस वर्षं एकाच कोर्टरूमच्या दाराशी उभे राहिले. आतले साहेब बदलत गेले, हे बदलले नाहीत. निवृत्त झाल्यावर साहेब म्हणायला कुणी उरलं नाही, म्हणून नातीला म्हणत असतील, असं मी धरून चालले होते.

सासरे जाऊन सात आठवडे झाले. आणि त्याच्या थोडं आधीपासून साहेब संध्याकाळी आडवे होत नाहीत.

आडवे होत नाहीत म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सांगितलं की बाया हसतात आणि म्हणतात, "अगं, सगळीच मुलं असं करतात." करत असतील. साडेसातला मी तिला दूध देते, लंगोट बदलते, दिवा घालवते, दार लावते आणि कॉटमध्ये ठेवते. पाठ टेकली न टेकली तोच ती कठडा धरून उभी. मी आडवी करते. ती उभी. पुन्हा आडवी, की येरे माझ्या मागल्या. यात नवल काहीच नाही. पण ती रडत नाही. खेळत नाही, बडबडत नाही, माझ्याकडे हात करत नाही. दाराकडे तोंड करून उभी राहते आणि वाट बघते. बंद दाराची वाट बघणारं मूल अंधारात तासभर शेजारी असलं, की बाकीच्यांचं हसू ऐकवत नाही.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी सहाची पाळी असते, म्हणजे साडेचारला उठायचं. दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, वेळ लिहायची, कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालायचं. त्यामुळे माझा विश्वास लिहिलेल्या गोष्टीवर. बालरोगतज्ज्ञांच्या नर्सनं दिलेला कागद मी फ्रिजवर लावला आहे. मूल उभं राहिलं तर बोलू नका, डोळ्यांत बघू नका, शांतपणे आडवं करा आणि खाली बसा. मी तसंच करते. आडवी करते आणि कॉटला पाठ लावून फरशीवर बसते. एका संध्याकाळी बत्तीस वेळा केलं. तेहेतिसाव्या वेळी ती उभ्या उभ्याच पेंगली आणि कठड्यावर हनुवटी टेकून झोपली.

फरशीवर बसलं की दाराखालची फट बरोबर डोळ्यांसमोर येते. खोलीबाहेरच्या बोळातला दिवा चालू असतो, त्याचा उजेड त्या फटीतून आत येतो, बोटभर रुंदीची पट्टी. सासरे गेले त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पट्टीत मला दोन काळे ठिपके दिसले. एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दोन पावलं.

मी ती पावलं ओळखली, कारण आधी रोज बघितली होती.

आता हे सांगायलाच हवं. माझा राग नाकावर असतो हे माझी सख्खी आईसुद्धा मान्य करते, तेव्हा मी वेगळं काही सांगणार नाही. पोर सहा महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत गेले, ती दुपारच्या पाळीला. घरी यायला नऊ वाजायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या येण्याचा नेम नाही. चार महिने पोरीला सासऱ्यांनीच झोपवलं. मी यायचे तेव्हा ती गाढ झोपलेली असायची आणि ते जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून जुनं वर्तमानपत्र वाचत असायचे. "साहेब आत गेले," एवढंच म्हणायचे. मला फार बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर पोटात दुखायचंही. आपलं मूल दुसऱ्याच्या हाताखाली इतक्या गुपचूप झोपतं हे कुठल्या आईला सोसतं?

मग मी भांडूनतंडून सकाळची पाळी मागून घेतली. आता संध्याकाळ माझी. पहिल्याच दिवशी पोरगी कॉटमध्ये उभी राहिली ती राहिलीच. सासरे लगबगीनं आत आले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, तिला आडवं करायचंय, तुम्ही समोर उभे राहिलात तर ती कशाला झोपेल?" ते म्हणाले, "ती झोपायला नाही म्हणत नाहीये सूनबाई. तिचं फक्त..." पुढचं मी ऐकलंच नाही. नर्सचा कागद दाखवला. तुम्हीच तिला डोक्यावर बसवून ठेवलंय, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्या वेळेला खोलीत यायची बंदी.

ते बाहेर उभे राहायला लागले. दार लावलं की थोड्या वेळानं फटीत दोन ठिपके. एक शब्द नाही, खाकरणं नाही. आत पोरगी उभी, बाहेर ते उभे. मला वाटायचं, हे मुद्दाम चाललंय. सत्याग्रहच जणू.

बारा दिवस असे गेले. तेराव्या संध्याकाळी पोरगी रडायला लागली, कधी नव्हे अशी, घसा फोडून. दारावर टकटक झाली. सासरे म्हणाले, "एकदाच येऊ का आत? दोन मिनिटांचं काम आहे." मी दार किलकिलं केलं आणि जे मी बोलले त्यातला शब्द न शब्द आठवतो. मी म्हणाले, "चाळीस वर्षं तुम्ही कोर्टाचं दार सांभाळलंत ना? हे दार मी सांभाळते." आणि कडी घातली.

एक तास दहा मिनिटं. वेळ मी लिहून ठेवली होती. पोर थकून झोपली आणि मी कडी काढली, तेव्हा ते तिथेच होते. भिंतीला हात लावून उभे. गुडघे दुखायचे त्यांचे, बसून घ्यावं ना माणसानं. "झोपल्या का साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झोपली." ते "बरं" म्हणाले आणि त्यांच्या खोलीत गेले.

चार दिवसांनी सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. उभं राहण्याचा आणि याचा काही संबंध नाही, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी लॅबमधली बाई आहे, संबंध नसतो हे मला कळतं. पण कळून काय होतं? त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते कडीचं, आणि तो "झोपली". त्यानंतरच्या चार दिवसांत आम्ही एकमेकांना फक्त मीठ द्या आणि पाणी आलं एवढंच म्हणालो. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

तर त्या फटीत दोन ठिपके दिसले तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल ते बघा. पाचावर धारण बसली. पोरगी उभी होती, दाराकडे बघत. मी तिच्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी तिनं मान खाली केली. हळूच, हनुवटी छातीला लागेल इतकी, आणि परत वर. बंद दाराला. मग पुन्हा वाट बघायला लागली.

मी कशीबशी उठले आणि दार उघडलं. बोळात कुणी नव्हतं. चपलांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, स्वयंपाकघरात नळाचा आवाज. नवरा भांडी घासत होता.

"तू आत्ता इथे आला होतास का?" मी विचारलं.

"मी? नाही. का गं?"

"काही नाही."

मग रोजच. साडेसातला दार लावायचं, पोरगी उभी, दहाएक मिनिटांत फटीत दोन पावलं. मी उठायची, दार उघडायची, आणि बोळ रिकामा. दार न उघडता बसून राहिले तर ठिपके तसेच राहायचे, जरा हलायचे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतल्यावर हलतात तेवढे. पोरगी त्यांना मान लववायची. एकदा मी धीर करून फटीशी तोंड नेऊन "बाबा" म्हणणार होते. जीभ वळली नाही. काय म्हणणार होते मी त्यांना? या? की जा?

मला एवढंच हवं होतं की तिनं त्या दाराकडे बघणं सोडावं. ती बघायची थांबली असती तर मीही थांबले असते. कॉट फिरवून ठेवली, तिनं मान फिरवली. बोळातला दिवा बंद केला, तर ती अंधारात उभी आणि मला ठिपके दिसेनात, ते आणखी वाईट. पाच मिनिटांत जाऊन लावून आले. लॅबमध्ये एका नळीवर मी चुकून सासऱ्यांचं नाव लिहिलं. बरोबरच्या मुलीनं वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. त्या दिवशी मी हात टेकले.

त्याच संध्याकाळी टायपिस्ट मावशी आल्या. सासऱ्यांबरोबर कोर्टात तीस वर्षं काढलेल्या. त्या बहिणीकडे परगावी होत्या म्हणून त्यांना उशिरा कळलं. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, "आणि साहेब कुठे आहेत? दिवसाचं काम संपवतात का अजून?"

मी म्हटलं, "कसलं काम?"

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?" मावशी आश्चर्यानं माझ्याकडे बघायला लागल्या. "अहो, ते महिन्यातून एकदा कँटीनला यायचे, तेव्हा दुसरा विषय नसायचा. आमच्याकडे संध्याकाळी काम संपलं की आधी न्यायाधीश उभे राहतात. ते उभे राहिले की सगळे उभे. वकील, पोलीस, आरोपी, सगळे. सगळ्यांनी मान लववायची, साहेबही मान लववतात आणि आत जातात. तोवर कुणी हलायचं नाही. कुणी बसून राहिला तर तुमचे सासरे असे डोळे वटारायचे की विचारू नका."

"मग?"

"मग काय, नात उभी राहायला शिकली तेव्हा रात्री आडवीच होईना. यांनी कंटाळून कोर्टातली सवय काढली. ती उभी राहिली की हे समोर उभे, मान लववायची. चार दिवसांत तीही मान लववायला लागली, आणि लववली की आपण होऊन खाली बसते आणि आडवी होते. सांगताना हसून हसून पुरेवाट व्हायची त्यांची. म्हणायचे, लोकांची मुलं झोपायचं नाही म्हणून उभी राहतात, आमचे साहेब झोपायचं म्हणून उभे राहतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती झोपायला नाही म्हणत नाहीये सूनबाई, तिचं फक्त. तिचं फक्त काम संपायचंय. एवढंच होतं ते पुढचं वाक्य, आणि ते ऐकायला मला दोन सेकंद लागले असते. त्याऐवजी मी तिला शेकडो वेळा आडवी केली होती. झोपायला निघालेल्या पोरीला.

मावशी गेल्या. नवरा दारापर्यंत पोचवायला गेला होता. मी पोरीला घेऊन खोलीत आले, दिवा घालवला, दार लावलं, तिला कॉटमध्ये ठेवलं. ती उभी राहिली. या वेळी मी खाली बसले नाही. तिच्यासमोर सरळ उभी राहिले, हात पुढे धरले आणि मान लववली.

तिनं माझ्याकडे बघितलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा त्या वेळेला तिनं माझ्याकडे बघितलं. मान लववली. मग दाराकडे वळली, आणि उभीच राहिली.

अजून कुणीतरी यायचं होतं.

फटीत दोन पावलं आली. मी आधीच उभी होते आणि दार दोन पावलांवर होतं. मी कडीला हात घातला आणि खाडकन दार उघडलं.

समोर माझा नवरा. अनवाणी, हातात भांडी पुसायचं फडकं.

मग माझा राग उसळला. "पाच आठवडे! पाच आठवडे माझा जीव घेतोयस तू! विचारलं तर नाही म्हणालास!"

"तू उठलीस की तुझा गुडघा वाजतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तो ऐकला की मी स्वयंपाकघरात जायचो. आज वाजला नाही."

"पण का?"

तो फडक्याची घडी घालत राहिला. लिफ्ट बंद पडली की दहाव्या मजल्यावरच्या पोकळीत डोकं घालणारा माणूस, पण माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"त्या दिवशी मी घरात होतो," तो म्हणाला. "लवकर आलो होतो. तू बाबांना बोललीस ते सगळं ऐकलं. कडी लागली ते ऐकलं. ते तिथे उभे होते, मी स्वयंपाकघरातून बघत होतो. एक तास. मी नळ सोडून ठेवला, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं म्हणता येईल. खुर्चीसुद्धा नेऊन दिली नाही गं त्यांना. खुर्ची दिली असती तर तुझ्याविरुद्ध बाजू घेतल्यासारखं झालं असतं. म्हटलं, दोघांच्या मध्ये कोण पडणार."

इतके दिवस मी हे एकटीचं म्हणून उशाशी घेऊन झोपत होते.

"ते गेल्यावर मला राहवेना," तो म्हणाला. "ती आत उभी आहे आणि बाहेर कुणीच नाही, हे मला बघवेना. म्हणून रोज वेळेत घरी येऊन उभा राहायचो. तुला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. मावशींनी सांगितलेलं थोडक्यात सांगितलं. तो आधी हसला आणि मग त्याचा चेहरा पार वाकडा झाला. आमच्यामागे दार आपोआप लोटलं गेलं. आम्ही दोघं कॉटसमोर शेजारी शेजारी उभे राहिलो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे, आणि मान लववली.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मान लववली. माझ्याकडे बघितलं. मग परत दाराकडे.

"आता कोण?" नवरा कुजबुजला.

त्याला ठाऊक होतं. मलाही. ती आधी रोज ज्याच्यासमोर उभी राहिली होती त्याचा तिनं हिशेब सोडला नव्हता. आम्ही दोघं कितीही ताठ उभे राहिलो तरी एक माणूस बाहेर होता, आणि त्याला बाहेर मी ठेवलं होतं. मी खाली फटीकडे बघितलं नाही. पावलं नसती तर मला रडू आलं असतं, आणि असती तर काय झालं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

मी दाराशी गेले आणि ते पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. बाजूला सरले, माणूस आत येताना सरतात तशी.

"या बाबा," मी म्हणाले. "आत या. चुकलं माझं."

बोळातला उजेड खोलीभर आला. पोरगी त्या उजेडाकडे टक लावून बघत होती. तिची नजर दारापासून हळूहळू आत सरकली, कॉटच्या समोर येऊन थांबली, आम्हा दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत. तिथे माझ्या खांद्याच्या वर, साधारण सासऱ्यांच्या उंचीवर, तिनं बघितलं आणि तिचे सहाच्या सहा दात दिसले. मग तिनं मान लववली. खूप खाली. नवऱ्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

साहेब खाली बसले. कूस वळवली, पालथे झाले आणि दोन श्वासांत झोपले.

आम्ही किती वेळ तसेच उभे होतो कुणास ठाऊक. शेवटी नवऱ्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पाय न वाजवता दाराकडे गेला.

"लावू का?" त्यानं विचारलं.

"इतक्यात नको," मी म्हणाले. "त्यांना जरा बसू दे."